जितं जनावर निवडताना

दिवाळी उलटली की शहागडच्या रस्त्यावर गाड्या सुरू होतात. ऊसतोडीच्या बैलगाड्या. एकीच्या मागं दुसरी, दुसरीच्या मागं तिसरी, आणि सगळ्यांच्या वर करड्या धुळीचं एकच लांबलचक पांघरूण. मी पुलाच्या अलीकडच्या चहाच्या टपरीत बसलेला असतो. बगलेत पत्रकांचा गठ्ठा, बोटांना सायक्लोस्टाइलची शाई. गाड्या मोजत नाही, नुसता बघतो. गाडीत काय नसतं? चूल असते, पाटा असतो, ज्वारीचं पोतं असतं, कोंबड्यांचं डालगं मागच्या बाजूला लोंबकळत असतं. तापानं फणफणलेलं एखादं माणूस असतं, आणि त्याच्या उशाशी निजवलेलं, डोळे मिचकावणारं एखादं तान्हं.

आमच्या चळवळीच्या पत्रकात एक ठरलेलं वाक्य असतं : ‘घरदार नसलेल्या ऊसतोड मजुरांना न्याय द्या.’ मीच लिहितो ते. आणि दर वर्षी या टपरीत बसलो की मला ते खोटं वाटायला लागतं. घर कसं नाही? घर आहे. ते बैलांच्या मागं चाललंय, समोर, दिवसाढवळ्या. नाही ती जमीन. घराखालची जमीन. पण हे पत्रकात लिहायला गेलं की वाक्य लांबतं, आणि आमचे पुढारी म्हणतात, पत्रकाचं वाक्य छोटं पाहिजे.

आमची गाडी या ओळींत नसते. माझे मायबाप ज्या गाडीत राहतात ती कधी ओळीत येत नाही. आली तर एकटी येते. कधी ओळ जाऊन धूळ बसल्यावर, कधी दोन ओळींच्या मधल्या सुनसान वेळात. म्हणून मी बसून राहतो. टपरीवाला ओळखीचा झालाय. तो विचारतो, “आले का तुमचे?” मी मान हलवतो. तो दुसरा चहा ठेवतो.

ज्या हंगामात त्यांनी ती गाडी निवडली, तो हंगाम या धुळीच्या वासातून परत येतो. मला नको असला तरी येतो.

दुष्काळ सरला ते वर्ष. पाऊस बरा झाला होता. ज्वाऱ्या पोटऱ्यात आल्या होत्या, तुरीला पिवळा फुलोरा होता, आणि गावातली माणसं एकमेकांशी हसून बोलायला लागली होती. आमच्या वस्तीशी मात्र गाव बोलत नव्हतं. का? सरळ सांगतो. आमच्या लोकांनी धम्म घेतला तेव्हाच मेलेली ढोरं ओढायचं काम सोडलं होतं. गावाला ते आवडलं नाही, पण निभावून गेलं, कारण वर्षाकाठी ढोरं मरणार ती किती. शेजारच्या गावातून कोणी तरी यायचं, ओढून न्यायचं. दुष्काळात मात्र ढोरं दावणीला उभ्या उभ्या मरायला लागली. शेजारच्या गावातून कोणी येईना, त्यांचीच त्यांना पुरेशी होती. गावानं निरोप धाडला. वस्तीनं नाही म्हटलं. मग नाकाला उपरणी बांधून मोठ्या घरच्या माणसांनी आपापले बैल स्वतः ओढून नेले.

दुष्काळ गाव विसरलं, रेशनच्या मिलो ज्वारीच्या लाल भाकरीचा वासही विसरलं. पण आपल्या हातात दोरी आली होती, हे विसरलं नाही. पाऊस पडल्यावर, पोट भरल्यावर, त्याचा राग वर आला. पिठाच्या गिरणीत आमचं दळण घेईनात. दुकानदार वस्तू असून नसल्यासारखं करायचा. शेतात काम भरपूर, पण आमच्या वस्तीतल्या बायांना कोणी हाक मारेना. बायांनी जुनी जाती बाहेर काढली. सकाळी वस्तीतून जात्यांची घरघर यायची आणि गावातून गिरणीची पुकपुक. दोन्ही आवाज एकाच ज्वारीचे.

मी तेव्हा औरंगाबादेत बोर्डिंगात राहून शिकत होतो. पत्रकं लिहायला नुकताच लागलो होतो. सुट्टीला घरी आलो तेव्हा आबा, माझा बाप, अंगणात बसून एक बांबूची काडी सोलत होता. माय जात्यावर होती.

“गाव आपल्याला सुखानं ऱ्हाऊ देत न्हाई,” आबा म्हणाला. “मंग आपणच निघू.”

“शहराला?” मी विचारलं.

“शहरात काय? तिथं बी कोणाच्या तरी भिंतीला टेकूनच बसायचं. ते न्हाई करायचं. घरच बराबर न्यायचं.”

मायनं जातं थांबवलं. “म्हंजे?”

“म्हंजे गाडी घ्यायची, बैलं घ्यायची. तिच्यातच ऱ्हायचं. ऊस हाय तवर ऊस. ऊस सरला की रस्त्याची खडी. खडी सरली की वीटभट्टी. बाराही महिने.”

“आन पाऊस आला की?”

“वरून तट्ट्या टाकू.”

“आन मी बिमार पडले की?”

“गाडीतच पड. गाडी दवाखान्याला नेता येती. घर नेता येतंय का?”

माय हसली नाही. तिनं जात्यात मूठभर ज्वारी टाकली आणि म्हणाली, “लग्नात तुमच्या घरी आले तव्हा मला कोणी सांगितलं न्हवतं, की हे घर पळतं.”

पण दुसऱ्या दिवशी तीही वडीगोद्रीला आली. ऊसतोडीची टोळी बांधणाऱ्या मुकादमाची अट होती : दिवाळीनंतर शहागडच्या नदीकाठी गाडी आणि बैलजोडी घेऊन जो उभा राहील, त्यालाच टोळीत घेणार. तोपर्यंत जमलं नाही, तर वर्षभर काम नाही. आणि काम नाही म्हणजे काय, ते घरात कोणी उच्चारत नव्हतं. काम नाही म्हणजे गावापुढं जायचं, हात जोडायचे, आणि गाव म्हणेल ते ओढायचं.

वडीगोद्रीच्या हमरस्त्याला गफूर मिस्त्रीचा अड्डा होता. बाभळीच्या लाकडाचा आंबूस वास, भुश्शाचा ढीग, आणि त्यात उभ्या केलेल्या दोन-तीन गाड्या. ट्रक धडधडत गेला की त्या गाड्यांची चाकं जागच्या जागी थरथरायची. माझं मत टायरच्या गाडीचं होतं. मी तसं सांगितलंही. टायरची गाडी हलकी चालते, बैलांच्या मानेवर ताण येत नाही, कारखाना स्वतः भाड्यानं देतो. शिकलेला होतो ना.

आबानं ऐकून घेतलं. “टायरची गाडी कारखान्याची. हंगाम सरला की ते म्हणतील, आण गाडी. मंग तुही माय कशावर निजंल? तुह्या पत्रकावर?”

एका हंगामाची गाडी आणि कायमची गाडी यांत काय फरक असतो, तो मला तिथं समजला. हंगामाच्या गाडीत माणूस पाहुणा असतो. कायमच्या गाडीत माणसाला कुठं टेकायचं, कुठं रडायचं, कुठं मरायचं, हे सगळं आधी बघून घ्यावं लागतं.

गफूर मिस्त्रीनं विचारलं, “मामा, माल भरनेकू होना, के रहनेकू होना?”

“ऱ्हायला,” आबा म्हणाला.

मिस्त्रीनं कानावरची पेन्सिल काढली, पुन्हा ठेवली. “रहनेकू. ऐसा गिऱ्हाईक आजतक नै आया.” मग त्यानं एक जुनी गाडी दाखवली. लाकडी चाकं, लोखंडी धाव घासून पातळ झालेली, पण चाकांमधला आख नवा. “ये लेव. बुढ्ढी हाय, मगर हड्डी पक्की.”

आबा खाली वाकून आख पाहायला लागला. मायनं तेवढ्यात चपला काढल्या, चाकाच्या आऱ्यावर पाय देऊन गाडीत चढली, आणि भर दुपारी, हमरस्त्याच्या कडेला, त्या रिकाम्या गाडीत पदर नीट करून आडवी झाली. ट्रकवाले बघत गेले. मिस्त्रीची बायको दारातून म्हणाली, “पसंद पडी क्या खाट, भाभी?”

“पाय दुमडावे लागून राह्यलेत,” माय आभाळाकडं बघत म्हणाली.

“दुमडके सोने की आदत डालो.”

“लई दुमडले, बाई. जल्मभर दुमडले. आता बिलकुल न्हाई दुमडणार.”

मिस्त्रीनं मागं एक फळी वाढवून दिली. मायनं पुन्हा आडवी होऊन पाहिलं. टाचा फळीवर टेकल्या तेव्हा ती उठली. घर पसंत पडलं होतं. लोक भिंतींवर हात फिरवून घर पसंत करतात, वास्तू बघतात, दिशा बघतात. आमचं घर कोणत्या दिशेला आहे, हे बैलांनी ठरवायचं होतं.

आणि बैलांपाशीच सगळं अडलं.

इथं मला आबाच्या हाताबद्दल सांगावं लागेल. आबा पोरवयापासून मेलेल्या ढोरांत वाढला. गावात जनावर मेलं की त्याच्या बापाला बोलावणं यायचं, आणि बापाबरोबर तो. ओढायचं, सोलायचं, कातडं पसरायचं. धम्म घेतला त्या वर्षी त्यानं कातडं सोलायची आपली रापी नदीच्या डोहात टाकली आणि पुन्हा कधी त्या कामाचं नाव काढलं नाही. पण हातानं काही टाकलं नव्हतं. हाताला कोण शपथ घालणार? जितं जनावर आमच्या दारात कधी बांधलेलंच नव्हतं. गावाचे बैल पोळ्याला सजून मिरवायचे, ते आम्ही लांबून बघायचो. त्यांच्या शिंगांना हात लावायची आम्हाला मुभा नव्हती. तेच बैल मेले की मुंडक्यापासून शेपटीपर्यंत आमचे. असा हा हिशोब. मी विचारतो, जगात कुठं असेल असा माणूस, ज्याला बैलाच्या पोटातलं सगळं ठाऊक आहे आणि बैलाला हाक कशी मारायची ते ठाऊक नाही? तो माणूस आमच्या समाजानं तयार केला. मेहनतीनं, पिढ्यान्‌पिढ्या.

जवळच्या बाजारांत आम्हाला ओळखणारे होते, म्हणून आबा आणि मी एस.टी.नं थेट जालन्यापल्याडच्या टेंभुर्णीच्या बाजाराला गेलो. तिकडं आम्हाला कोण ओळखणार? बाजार भरलेला. शेणामुताचा, झुलींचा, भज्यांच्या तेलाचा वास. घुंगरांचा आवाज. दुष्काळानंतर बैल कमी, गिऱ्हाईक जास्त. आबा एका ढवळ्या बैलापाशी थांबला. मालक लाल पटक्याचा, मिशा पिकलेल्या, बोलायला गोड.

बैल घेणारा शेतकरी काय करतो, ते मी तिथंच आजूबाजूला पाहत होतो. जबडा उघडून दात पाहतो. खूर पाहतो. खांदा थोपटतो, चालवून बघतो. आबाचा हात मात्र सरळ कातड्यावर गेला. खांद्यामागं चिमटीत कातडं धरलं, सोडलं, ते परत बसतंय कसं ते पाहिलं. मग तळहात बरगड्यांवरून खाली सरकला, पोटाखाली, मधल्या रेषेवर आला आणि तिथं थांबला. पहिला काप जिथं घालतात तिथं. आबाच्या ध्यानातही आलं नसेल.

लाल पटकेवाल्याच्या ध्यानात आलं.

“पाव्हणं, गाव कोणतं म्हणले तुमी?”

आबानं गावाचं नाव सांगितलं.

“ते समजलं. घर कोणाचं?”

आबा बैलाकडंच बघत राहिला.

“हात काढा,” तो हळूच म्हणाला. आवाज अजून गोडच होता. “हात काढा आधी. तुमचा हात जित्या जनावराचा न्हाई.”

मग मी सुरू झालो. कायदा सांगितला, अस्पृश्यता गुन्हा आहे हे सांगितलं, हे राज्य कोणाच्या बापाचं नाही हे सांगितलं. माणसं गोळा झाली. त्यानं सगळं ऐकलं, पटका नीट केला आणि म्हणाला, “पोरा, कायदा मला बी ठाऊक हाय. बैल मव्हा हाय. इकायचा न्हाई. संपलं.” तो बैलाला हौदावर घेऊन गेला. ओंजळीनं पाणी घेऊन त्यानं बैलाला धुतलं. सगळा नाही. हात लागला होता तेवढाच भाग.

त्या पाण्याचा आवाज माझ्या कानात आहे. सभेत बोलताना मध्येच ऐकू येतो, आणि मग मी नको तितका मोठ्यानं बोलतो. लोक म्हणतात पोरगा तापट आहे. असू दे.

त्यानंतर बाजारभर आबा दोन्ही हात पाठीमागं बांधून फिरला. कैद्यासारखा. बातमी रांगेतून आमच्या पुढं पुढं पळत होती. आम्ही पोचायच्या आधीच मालक बैलाच्या आणि आमच्या मध्ये येऊन उभा असायचा. मी दात ओठ खात होतो. आबा म्हणाला, “त्याचं खोटं न्हाई. मला त्या बैलाची आतडी दिसून राह्यली व्हती. समदी, जागच्या जागी. मी काय करू? जितं कसं पाह्यचं, ते कोणी दाखवलंच न्हाई मला.”

“मंग आपल्याला ते पाहू कोण देणार व्हतं?” मी म्हणालो.

“तेच सांगून राह्यलो ना. तू भाषणं कामून करतो प्रत्येक गोष्टीवर?”

बाजाराच्या टोकाला, लिंबाच्या सावलीत, एक बागवान पेरू विकत बसला होता. मागं त्याची जोडी. जोडी म्हणायची आपली पद्धत. एक लाल कंधारी, उंच, देखणा. दुसरा बांडा, अंगावर पांढरे डाग असलेला, बुटका, एका कानाला चीर. बागवानानं टेंपो घ्यायचं ठरवलं होतं, त्याला बैल नको झाले होते. आबा लांबूनच बघत राहिला.

“हाथ लगाके देखो ना मामा. जानवर हाय, काच का गिलास थोडीच.”

“हात नगं,” आबा म्हणाला. “चालवून दाखव.”

बागवानानं जोडी लिंबापासून हौदापर्यंत नेली, परत आणली. आबा पोटाकडं बघत नव्हता. जबरदस्तीनं पायांकडं बघत होता. मान खाली, डोळे खुरांवर, एखाद्या पोरानं नवं अक्षर गिरवावं तसा. “देखो, एक चलता जरा आगे,” बागवान हसत म्हणाला, “दुसरा उसको गाली देता हुवा पीछे. मगर पोचते दोनो संगच.”

आम्ही ती जोडी घेतली. न शिवता घेतलेली जोडी. दोरी माझ्या हातात होती.

परतीची वाट पायी. जालना बाजूला टाकून आडवाटेनं निघालो. कपाशीची बोंडं फुटली होती, करडई उगवून आली होती, आणि ज्या रानांनी वर्षापूर्वी भेगा दाखवल्या होत्या ती आता निर्लज्जासारखी हिरवी दिसत होती. एका ओढ्यात पाणी लागलं. आजूबाजूला माणूस नव्हतं. आबा बैलांना पाण्यात घेऊन उतरला. त्यानं पाठीमागं बांधलेले हात सोडले आणि कंधारी बैलाच्या पाठीवर ठेवले. नुसते ठेवले. बैलाचं कातडं थरथरलं. मग त्यानं पाणी उडवलं, घासलं, मान चोळली, कानामागं बोटं घातली. बांड्याजवळ गेला तर त्यानं डोकं आबाच्या पोटात खुपसलं, आणि आबा मागं सरकता सरकता पाण्यातच बसला. एवढ्या आयुष्यात एखाद्या जनावरानं त्याला पहिल्यांदाच ढुशी दिली होती. आतापर्यंतची सगळी निपचित होती.

बऱ्याच वेळानं तो वर आला. धोतर पिळत म्हणाला, “जगतील.”

“दोन्ही?”

“दोन्ही. बारका जास्ती.”

परवा आमच्या बैठकीत पुढाऱ्यांनी घोषणा दिली, गाव तिथं शाखा, गाव तिथं फलक. टाळ्या झाल्या. मी उठून विचारलं, ज्यांचं गावच नाही त्यांचा फलक कुठं लावायचा? गाडीच्या मागं? सगळे हसले. पुढारी प्रेमळपणे म्हणाले, मिलिंदराव, अपवादावर चळवळ चालत नाही. मी खाली बसलो. माझे मायबाप अपवाद आहेत. आणि शहागडच्या पुलावरून दिवाळीनंतर जे महिनाभर जात राहतं, तोही अपवाद असेल. एवढा मोठा अपवाद मी दुसरा पाहिलेला नाही.

त्या हंगामात निघायच्या दिवशी मायनं घर सारवलं. गाडी दारात उभी, भांडी चढवलेली, भिंतीवरची तसबीर पोत्यात गुंडाळून ज्वारीत खुपसलेली, आणि ही बाई रिकाम्या घरात बसून शेणाचे हात मारतेय.

“माय, कामून सारवते? कोण येणार हाय?”

“आलंच कोणी, तर म्हणू नये घाण करून गेली.”

ओल्या जमिनीवर तिची बोटं उमटली होती. ती मागं मागं सरकत दाराबाहेर आली, म्हणजे पावलं उमटू नयेत. कडी लावली. कुलूप नव्हतं.

गावातून जाताना गिरणीच्या ओट्यावर माणसं बसली होती. एकानं हाक दिली, “आबा, घर घेऊन कुठं निघाले?”

“घरच मला घेऊन निघालंय,” आबा म्हणाला. ओट्यावर हशा झाला. लाल बैल पुढं, बांडा मागून शिव्या देत, गाडी एका अंगाला कलल्यासारखी चालत होती. मी मागच्या फळीवर बसलो होतो, पाय लोंबकळत. वेस मागं गेली तेव्हा मला वाटलं, झालं. सुटलो. लिहायला हवं हे, असं वाटलं. चाकाच्या जोरावर आम्ही जिंकलो, असलं काही तरी वाक्यही सुचलं होतं.

नदीकाठी पोचलो तर गाड्या आधीच उतरल्या होत्या. गोदावरीचं पाणी आक्रसलेलं, वाळूवर धुराचे पट्टे, बायांच्या हाका, पोरांचं रडणं. मुकादम सायकल हातात धरून गाड्या लावत होता. पहिल्या गाड्या त्याच्या भावकीच्या. मग त्याच्या गावच्या. मग आजूबाजूच्या गावच्या. आमची गाडी आली तेव्हा त्यानं हातानंच खूण केली.

“मागं घ्या.”

आबानं मागं घेतली.

“अजून मागं. त्या बाभळीच्या पल्याड. आन मामी, पाणी खालच्या अंगानं भरा बरं का. वर बाया भांडतात, उगा कटकट नगं.”

तो वाईट माणूस नव्हता. मामी म्हणाला. कटकट नको एवढंच त्याला हवं होतं. या देशात निम्मा अन्याय कटकट नको म्हणून चालतो, आणि त्याच्यावर पत्रक लिहिता येत नाही, कारण पत्रकाला कोणी तरी दुष्ट लागतो.

माय कळशी घेऊन खालच्या अंगाला गेली. वरून भांडी घासल्याची राख, पाल्याचे तुकडे वाहत येत होते. तिनं हातानं पाणी बाजूला सारलं, सारलं, आणि मग तसंच भरलं. परत येऊन तिनं तीन दगड मांडले. “हे तर गावच झालं,” ती म्हणाली. “निस्ती चाकं लावलेलं.”

आबानं बैलांना वैरण टाकली. त्याला ऐकू गेलं होतं.

मी तिथं बसून त्या ओळीकडं पाहत राहिलो. गाव म्हणजे भिंती, पार, देऊळ, असं मी समजत होतो. ते सगळं मागं राहिलं होतं आणि तरी गाव इथं होतं. माणसांनी ते बरोबर आणलं होतं, आम्ही मीठमिरची आणली तसं. त्यांनी जाणूनबुजूनही आणलं नसेल. गाड्यांची ओळ लागली आणि आपोआप तिला एक मागची बाजू आली. त्या बाजूला आम्ही होतो. उद्यापासून कारखान्यापर्यंत सगळ्या ओळीची धूळ आम्ही खायची. आणि काय खायचं, काय ओढायचं, तेही हळूहळू ठरणार होतं.

फार हळूहळू नाही. सकाळी उजाडलं तेव्हा पुढच्या अंगाला गलका ऐकू आला. मुकादमाच्या चुलतभावाचा बैल पडला होता. दुष्काळानं खंगलेला बैल, हिरवा चारा हावरटासारखा खाल्ला, पोट फुगलं, पाय झाडले आणि गेला. वाटेच्या अगदी मध्ये. बाया तोंडाला पदर लावून उभ्या. चुलतभाऊ डोक्याला हात लावून चाकापाशी बसला होता. त्याचं दुःख खरं होतं, ते मी नाकारत नाही.

थोड्या वेळानं गलका थांबला. एकानं मान वळवली, मग दुसऱ्यानं, मग सगळी ओळ मागं वळून बघायला लागली. बाभळीच्या पल्याड. आमच्या गाडीकडं.

मुकादम सायकल न घेता, चालत आला. तो आबाच्या समोर उभा राहिला. “मामा,” तो म्हणाला, “जरा...”

पुढचं त्यानं म्हटलंच नाही. म्हणायची गरज त्याला वाटली नाही.

माझ्या घशात भाषण तयार होतं. आबानं माझ्याकडं न बघता म्हटलं, “तू गप.” मग त्यानं चुलीवरचा तवा पालथा घातला, राख वाळूत मिसळली. मायकडं बघितलं. माय काही न विचारता भांडी उचलायला लागली. अर्धी भाजलेली भाकरी तिनं तशीच फडक्यात बांधली. आबानं लाल बैलाच्या मानेवर जू ठेवलं, मग बांड्याच्या. दोन्ही बैलांना त्यानं हात लावला. सगळ्यांच्या देखत, मान चोळून, कानामागं बोटं घालून, सावकाश.

गाडी बाभळीच्या अलीकडं आली. शेवटच्या गाडीला ओलांडून पुढं, मग तिच्या पुढच्या गाडीला. बायांनी पोरं बाजूला ओढली. कोणाच्या तरी कोंबड्या ओरडत पळाल्या. मेलेल्या बैलापाशी वाट अरुंद होती. आबानं कासरा आवळला, एक चाक वाळूत घातलं, आणि गाडी कलंडता कलंडता बैलाच्या बाजूनं काढली. त्यानं खाली पाहिलं नाही. मी पाहिलं. डोळ्यावर माशी बसली होती.

“ओळ मोडून चालले तुमी,” मागून मुकादम म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. “पुढं कोणत्याच टोळीत काम भेटणार न्हाई, सांगून ठेवतो. मव्हं नाव घेऊन बी न्हाई, कोणाचं नाव घेऊन बी न्हाई.”

त्याचा शब्द खरा ठरला. ऊस आम्हाला कधीच मिळाला नाही. पण ते पुढचं.

चढ लागला तसा बांडा पुढं सरसावला. पुलावर चाकांचा आवाज बदलला, मोठा झाला, पोकळ झाला. खाली नदी, वर ऊन, समोर रिकामा रस्ता. रस्त्यावर धूळ नव्हती, कारण आमच्या पुढं कोणी नव्हतं. माय मागं तोंड करून बसली होती, भाकरीचं फडकं मांडीवर धरून.

आबा मागं वळला नाही. त्यानं समोर बघतच विचारलं, “कोणी येऊन राह्यलं का मागं?”

माय पुलाच्या त्या टोकाकडं बघत राहिली.

“न्हाई,” ती म्हणाली. “कोणीच न्हाई.”

“बरं,” आबा म्हणाला, आणि त्यानं कासरा सैल सोडला.